जीपचं इंजिन बदललं आणि चार्जिंग गेलं: तपासणी कुठून सुरू करायची

जुन्या एमएम ५४० किंवा तिच्या भावंडांपैकी एखादी जीप हातात आली, की कधी ना कधी इंजिन बदलायचा विषय निघतोच. या गाड्यांत मूळचं इंजिन म्हणजे पूजोच्या तंत्रावर बनलेलं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसीचं. महिंद्राच्या इगतपुरीच्या कारखान्यातलं. इंजिन गोड आहे, पण आता स्पेअर शोधत फिरावं लागतं आणि घाटात लोड घेताना ते दम खातं. म्हणून ते उतरवून महिंद्राचंच २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन बसवतात. गिअर जुळतो, माउंटिंग जुळवता येतं, गाडी ओढायला लागते. आणि आठवड्याभरात सकाळी सेल्फ मारला की नुसतं ‘टक’.

मग ठरलेला खेळ सुरू होतो. मेकॅनिक म्हणतो अल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) गेला. अल्टरनेटरवाला म्हणतो बॅटरी मेली. बॅटरीवाला म्हणतो वायरिंगवाल्याला दाखवा. प्रत्येक जण आपापला पार्ट बदलून देतो आणि बॅटरी उतरायची ती उतरतेच. मी या सगळ्यातून गेलो आहे, इतरांच्या जीपवरही हेच पाहिलं आहे. आता माझं मत पक्कं आहे: इंजिन बदलल्यावर चार्जिंग गेलं असेल तर दोष बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या पोटात नसतो. इंजिन बदलताना जे जे सोडलं आणि पुन्हा जोडलं (किंवा जोडायचं राहिलं) तिथे तो असतो. म्हणून अल्टरनेटर सगळ्यात शेवटी खोलायचा. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी.

खालचा क्रम तसाच ठेवा. मी सांगितलेलं नसताना मधली पायरी गाळून पुढे गेलात तर रीडिंग फसवं येतं.

आधी कागदपत्रं, मग अवजारं

कागदांचं थोडक्यात. आरसीवर इंजिन नंबर असतो, त्यामुळे इंजिन बदलणं म्हणजे आरटीओचा विषय. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली तो येतो. काम सुरू करण्याआधीच तुमच्या आरटीओत काय चालतं ते विचारा, परवानगी घ्या, आणि बदल आरसीवर चढवून घ्या. इन्शुरन्स कंपनीलाही कळवा. फाइलमध्ये आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, इंजिन खरेदीचं बिल आणि ज्या गाडीतून इंजिन निघालं तिचे कागद असू द्या. बिल नसलेलं इंजिन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

अवजारं फार लागत नाहीत:

- डिजिटल मल्टिमीटर. साधा चालतो, पण त्याचा सेल नवा टाका. सेल उतरलेला मीटर व्होल्ट जास्त दाखवतो.
- २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन क्लिपा. हा तुमचा टेस्ट लॅम्प.
- १०, १३, १७ चे पाने, वायर ब्रश, पॉलिश पेपर.
- १० स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी), आणि थिंबल दाबायचा पक्कड. नुसत्या पक्कडीने चेपलेलं थिंबल पावसाळ्यात हिरवं पडतं.
- वायरला चिठ्ठ्या लावायला मास्किंग टेप आणि मार्कर.
- बॅटरीला झाकणं असतील तर हायड्रोमीटर, ॲसिडची घनता (ग्रॅव्हिटी) मोजायला.

क्लॅम्प मीटर विकत घेणार असाल तर तो डीसी करंट मोजतो का ते दुकानातच बघा. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात, गाडीवर त्यांचा काही उपयोग नाही.

१. तीन वायरी ओळखा

अल्टरनेटरच्या पाठीमागे जाड स्टड असतो तो बी प्लस. तिथून तयार झालेला करंट बॅटरीकडे जातो. त्याच्या शेजारी बारीक पिन असते. तिच्यावर डी प्लस, एल किंवा लुकासच्या अल्टरनेटरवर आयएनडी असं कोरलेलं असतं. ही वायर डॅशवरच्या बॅटरीच्या लाल दिव्यातून येते. काही अल्टरनेटरांना डब्ल्यू नावाची आणखी एक पिन असते. ती आरपीएम मीटरसाठी, तिला चार्जिंगशी देणंघेणं नाही. तिसरी ‘वायर’ दिसत नाही, कारण ती वायर नसतेच: अल्टरनेटरची बॉडी, ब्रॅकेट, इंजिन ब्लॉक आणि तिथून बॅटरीच्या मायनसपर्यंतचा रस्ता. इंजिन बदलताना सगळ्यात जास्त याच रस्त्याची वाट लागते.

लाल दिवा नुसता शोभेचा नाही, हे नवख्यांना सहसा कुणी सांगत नाही. चावी ऑन केली की बॅटरीचा थोडा करंट त्या दिव्यातून डी प्लसवर जातो आणि रोटरला (अल्टरनेटरमधल्या फिरत्या भागाला) पहिली चुंबकशक्ती देतो. इंजिन फिरलं, अल्टरनेटर जागा झाला, की डी प्लसवरही बॅटरीएवढेच व्होल्ट येतात. दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्ट झाल्यावर तो विझतो. म्हणजे दिवा नाही तर सुरुवातीचा करंट नाही. पाचव्या पायरीत हे कामाला येईल.

२. बॅटरी एकटी तपासा

उतरलेल्या बॅटरीवर केलेली कुठलीही टेस्ट खरी नाही. बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून आणा, काही तास तशीच ठेवा, मग मोजा. गाडी नुकतीच बंद केली असेल तर हेडलाइट मिनिटभर लावून बंद करा आणि मग रीडिंग घ्या, वरवरचा चार्ज निघून जातो. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२.० च्या आसपास असेल तर जवळपास रिकामी.

झाकणं असतील तर सहाही सेलची ग्रॅव्हिटी बघा. आकडा किती यापेक्षा सहाही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, ते महत्त्वाचं. पाच सेल १.२५० च्या आसपास आणि एक १.१८० वर असेल तर ती बॅटरी संपली. तिच्यावर नवा अल्टरनेटर लावून काही फरक पडणार नाही.

३. गाडी चालू करून तीन रीडिंग

मीटर बॅटरीच्या दोन खांबांवर. क्लिपवर नव्हे, शिशाच्या खांबावरच टोचायचं. तीन आकडे वहीत लिहा: आयडलवर, थोडा रेस देऊन, आणि रेस तशीच ठेवून हेडलाइट, वायपर, हॉर्न वगैरे लोड टाकून.

१३.८ ते १४.४ च्या दरम्यान तिन्ही आकडे बसले तर चार्जिंग ठीक आहे आणि बॅटरी दुसरीकडून उतरते आहे, सरळ आठव्या पायरीवर जा. गाडी बंद असतानाच्याच आकड्याभोवती मीटर घुटमळत असेल तर चार्जिंग नाहीच. रेसवर चांगलं, आयडलवर पडतं, असं असेल तर पुली आणि बेल्टवर संशय घ्या. लोड टाकल्यावर दोनतीन व्होल्ट कोसळत असतील तर जोड, अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परतीचा रस्ता) किंवा डायोड (अल्टरनेटरमधला, एसी करंटचा डीसी करणारा भाग). १४.८ च्या वर जात असेल तर दहाव्या पायरीवर जा, पण तोवर गाडी फार फिरवू नका.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. जुने उस्ताद गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढतात: ‘इंजिन बंद पडलं तर अल्टरनेटर गेला.’ डायनामोच्या (अल्टरनेटरच्या आधीच्या जनरेटरच्या) काळात ते खपून जायचं. अल्टरनेटरवर हा प्रयोग केला तर बॅटरी निघताक्षणी व्होल्ट उसळतात आणि डायोड किंवा रेग्युलेटर (व्होल्ट आवरून धरणारा भाग) जळतो. चांगला अल्टरनेटर तपासताना मारायचा हा प्रकार. वयाने मोठा माणूस असला तरी हात जोडून सांगा, “काका, टर्मिनल नको, मीटरवर बघू.”

४. अर्थ: इथेच निम्म्या गाड्या सुटतात

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं. रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन ब्लॉकपासून चेसीपर्यंत विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते, आणि बॅटरीच्या मायनसचा केबल चेसीला किंवा ब्लॉकला असतो. इंजिन उतरवताना पट्टी सुटते. नवीन इंजिनावर तिची जागा वेगळी असते, लांबी पुरत नाही, आणि ती टूलबॉक्समध्ये जाऊन पडते. किंवा पट्टी लावतात, पण ताज्या रंगवलेल्या ब्लॉकवर, रंग न खरवडता. दिसायला घट्ट, आत रंगाचा पापुद्रा.

मग करंट परत जाणार कुठून? मिळेल त्या वाटेने. ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल. दोनतीनदा सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटर केबलच्या बाहेरच्या वेष्टणाला हात लावून बघा. ती कोमट लागली तर दुसरी कुठलीच टेस्ट करायची गरज नाही. एका जीपवर त्या वेष्टणाचं प्लास्टिक फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकाजवळ वितळून आतली स्प्रिंग दिसायला लागली होती आणि मालक पेडल जड झालं म्हणून केबलला ऑइल सोडत होता.

मीटरवर असं बघा: डीसी व्होल्टवर मीटर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरं अल्टरनेटरच्या बॉडीवर, रंग नसलेल्या जागी. गाडी चालू, थोडा रेस, हेडलाइट ऑन. ०.१ व्होल्ट आला तर उत्तम, ०.२ पर्यंत चालवून घ्या. ०.५ किंवा जास्त म्हणजे अर्थ खराब. तेच टोक आता क्रमाने सरकवा: अल्टरनेटरची बॉडी, ब्रॅकेट, ब्लॉक, चेसी, मायनसचं थिंबल. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा उडी मारतो, दोष त्या जोडात.

उपाय स्वस्त आहे. नवी विणलेली पट्टी किंवा जाड केबल घ्या, सेल्फच्या बोल्टजवळ ब्लॉक चकचकीत होईपर्यंत घासा, दात असलेला वॉशर टाका, घट्ट करा आणि वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी नाही, नंतर. मी तर बॅटरीचा मायनस थेट ब्लॉकला आणि तिथून दुसरी पट्टी चेसीला, असंच करतो. अल्टरनेटरची ब्रॅकेट पावडर कोटिंग करून आणली असेल तर बोल्टच्या छिद्रांभोवतीचं कोटिंग काढा. हौसेने केलेलं हे कोटिंग किती जणांना नडलं आहे त्याला गणती नाही.

५. लाल दिव्याची वायर

चावी ऑन, इंजिन बंद. लाल दिवा लागला पाहिजे. लागत नसेल तर डी प्लसची वायर अल्टरनेटरवरून काढा. ही वायर खरोखर दिव्यातूनच आली आहे याची आधी खात्री करून घ्या, कारण दिवा मध्ये नसेल तर पुढच्या टेस्टमध्ये ती जळेल. खात्री झाली की तिचं टोक ब्लॉकला टेकवा. दिवा लागला तर वायर चांगली आहे, अल्टरनेटरमधले कार्बन (फिरत्या रोटरला करंट पोचवणारे ब्रश), रोटर किंवा रेग्युलेटर बघावा लागेल. तरीही लागला नाही तर बल्ब, फ्यूज किंवा वायर.

वायर जोडून, चावी ऑन ठेवून डी प्लसवर व्होल्ट मोजलेत तर आणखी कळतं. एक-दोन व्होल्ट आणि दिवा पेटलेला, म्हणजे रस्ता पूर्ण आहे. १२ व्होल्ट आणि दिवा विझलेला, म्हणजे अल्टरनेटरच्या आत कुठेतरी रस्ता तुटला आहे, बहुधा कार्बन अडकलाय. शून्य म्हणजे तिथवर करंट पोचतच नाही.

इंजिन बदललेल्या गाड्यांत इथे तीन गोष्टी हमखास सापडतात.

पहिली, एलईडी. इंजिनाबरोबर डॅशही ‘नवा’ करायची हौस असते आणि सगळे बल्ब काढून एलईडी टाकले जातात. एलईडीतून जाणारा करंट इतका कमी असतो की रोटर जागाच होत नाही. खूण अशी: गाडी चालू केल्यावर चार्जिंग नाही, पण एकदा जोरात रेस दिली की चार्जिंग सुरू होतं आणि बंद करेपर्यंत चालू राहतं. असं होत असेल तर तिथे १२ व्होल्टचा २.२ ते ३ वॅटचा साधा बल्ब परत टाका. एलईडीच ठेवायचा हट्ट असेल तर त्याला समांतर ६८ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावा. हिशेब सोपा आहे: १२ व्होल्टला ६८ ओहममधून साधारण पावणेदोनशे मिलीअँपिअर जातात, बल्बही तेवढेच घेतो.

दुसरी, थेट जोडलेली वायर. दिवा सापडला नाही म्हणून डी प्लस सरळ चावीच्या वायरला जोडतात. चार्जिंग सुरू होतं, सगळे खूश. मात्र डिझेल पंपाला सोलेनॉइड (चावी बंद केली की डिझेल तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) असेल तर चावी बंद केली तरी अल्टरनेटर त्याच वायरने उलटा करंट देतो आणि इंजिन थांबत नाही. खेचून बंद करायची केबल असलेल्या गाडीत हे कळतही नाही. त्याहून वाईट म्हणजे ती वायर चावीऐवजी कायम चालू असलेल्या लाइनला जोडलेली असते. रोटरचा रेझिस्टन्स ३-४ ओहम धरला तर रात्रभर तीनेक अँपिअर वाहत राहतात. ६० अँपिअर-अवरची बॅटरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आडवी. गाडी बंद करून तासाभराने अल्टरनेटरच्या पाठीला हात लावला आणि इंजिन गार असूनही तो कोमट लागला, तर हेच.

तिसरी फक्त फार जुन्या, डायनामोवाल्या जीपसाठी. डायनामोचा कटआउट म्हणजे फायरवॉलवरचा तो काळा डबा. आजच्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर आतच असतो. डबा लाइनमध्ये तसाच ठेवून नवा अल्टरनेटर जोडला तर दोघे एकमेकांच्या पायात पाय घालतात. डबा भिंतीवर शोभेला ठेवा हवा तर, पण त्याच्या वायरी काढून टाका.

६. जाड वायर आणि डॅशवरचा अँपिअर मीटर

आता बी प्लस. गाडी चालू, रेस, लोड ऑन. मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या बी प्लस स्टडवर, दुसरं बॅटरीच्या प्लस खांबावर. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर मधल्या वाटेत कुठेतरी व्होल्ट पडतायत. मीटर टोचताना पाना किंवा अंगठी बी प्लसला आणि बॉडीला एकदम लागणार नाही हे बघा. या स्टडवर बॅटरी सतत असते, चावी बंद असली तरी. कड्या, घड्याळ काढून ठेवा.

अँपिअर मीटर असलेल्या जुन्या जीपमध्ये अल्टरनेटरचा सगळा करंट डॅशपर्यंत जातो, मीटरच्या दोन छोट्या बोल्टांमधून फिरतो आणि परत बॅटरीकडे येतो. ३० अँपिअरच्या मीटरमधून ४५-५५ अँपिअरचा अल्टरनेटर ढोसला की मीटरच्या मागचे बोल्ट तापतात, प्लास्टिक काळं पडतं, आणि एखाद्या रात्री डॅशमधून वास येतो. मोठा अल्टरनेटर लावणार असाल तर अँपिअर मीटर काढा. बी प्लसपासून बॅटरीपर्यंत १० स्क्वेअर एमएमची सरळ वायर टाका, बॅटरीच्या टोकाला योग्य अँपिअरचा फ्यूज द्या, आणि डॅशवर व्होल्टमीटर बसवा. व्होल्टमीटर जास्त खरं सांगतो.

७. बेल्ट आणि पुली

पूजोचं इंजिन ४५०० आरपीएमच्या आसपास ताकद देणारं, चपळ. डीआय ३२०० च्या आसपास थांबणारं, संथ. जुन्या इंजिनाचा अल्टरनेटर त्याच्याच पुलीसकट डीआयवर चढवला, की तो पूर्वीपेक्षा हळू फिरायला लागतो.

फूटपट्टी घ्या आणि दोन्ही पुल्यांचे व्यास मोजा. समजा क्रँकची पुली १५० एमएम आणि अल्टरनेटरची ७५, म्हणजे दुप्पट. ७५० च्या आयडलला अल्टरनेटर १५०० ने फिरतो. तिथे तो काहीतरी देतो. अल्टरनेटरची पुली ९० असेल तर तोच १२५० वर येतो आणि हेडलाइट लावून सिग्नलला उभं राहिलं की दिवे पिवळे पडतात. उपाय म्हणजे छोटी पुली. इंजिन संथ असल्यामुळे वरच्या बाजूला भीती नाही: ३२०० ला दुप्पट म्हणजे ६४००, अल्टरनेटर ते सहज झेलतो. नवी पुली टर्नरकडून करून घेताना बेल्टची रुंदी सांगायला विसरू नका. बेल्ट पुलीच्या दोन तिरक्या भिंतींना धरतो, तळाला नाही. खाचेचा तळ चकाकत असेल तर बेल्ट अरुंद आहे, तो घसरणारच, कितीही ताणा.

ताण बघताना लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबा. १० ते १२ एमएम दबला तर बरोबर. त्याहून ताणलात तर बेअरिंग रडायला लागतं. घरी बनवलेल्या ब्रॅकेटमुळे पुल्या एका रेषेत नसतात, तेही सरळ पट्टी लावून बघा. बॉनेटखाली काळी भुकटी दिसली तर रेष चुकली आहे.

डीआयच्या बऱ्याच अल्टरनेटरांच्या पाठीला व्हॅक्यूम पंप असतो, ब्रेकच्या बूस्टरसाठी. त्याला इंजिनातून ऑइल येतं आणि पाइपने परत जातं. परतीचा पाइप दुमडला किंवा त्याला चेंबरकडे (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीकडे) नीट उतार मिळाला नाही तर ऑइल अल्टरनेटरमध्ये शिरतं, कार्बनवर काळा चिखल होतो आणि चार्जिंग कधी येतं कधी जातं. अल्टरनेटरच्या मागच्या जाळीतून बोट फिरवा. ऑइल लागलं तर आधी पाइप सुधारा, मग कार्बन. आणि व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर बदलून बिनपंपाचा लावण्याआधी ब्रेकचं काय होणार याचा विचार करा. चार्जिंग दुरुस्त झालं आणि ब्रेक कडक झाला, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

८. मागे राहिलेल्या वायरी

पूजोला हीटर प्लग (गार इंजिन सुरू करताना आत तापणारे) लागतात, डीआयला नाही. इंजिन गेलं, पण हीटरची जाड वायर आणि तिचा रिले जागेवरच राहतात. त्या वायरीचं टोक टेप गुंडाळून फायरवॉलपाशी लोंबत असतं. टेप उन्हाने सुटली, टोक बॉडीला घासलं, की ठिणगी. ती वायर टेप लावून ठेवू नका, बॅटरीपासूनच काढा.

गळती मोजायला चावी बंद करा, बॅटरीचा मायनस काढा, मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून मायनस खांब आणि केबलच्या मध्ये जोडा. या अवस्थेत सेल्फ मारायचा नाही, मीटर जाईल. आधी सुरक्षित राहायचं तर मीटरऐवजी टेस्ट लॅम्प लावा. तो चांगला पेटला तर गळती मोठी आहे, मीटर लावायची घाई नको. ५० मिलीअँपिअरपर्यंत चालतं, आणि टेप-घड्याळ नसलेल्या जीपमध्ये आकडा जवळपास शून्यच यायला हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर बॅटरी पूर्ण सोडवून अल्टरनेटरचा बी प्लस काढा, त्याचं टोक टेपने झाका, आणि पुन्हा मोजा. आता शून्य आला तर डायोड उलटा गळतोय.

९. आता अल्टरनेटर

इथवर सगळं बरोबर निघालं असेल तरच. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू गाडीत बॅटरीवर मोजा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसली तर डायोड प्लेट गेली. उतरवलात तर कार्बन बघा. ५ एमएमपेक्षा आखूड असतील तर बदला, आणि बोटाने दाबून स्प्रिंगने परत येतात का तेही बघा. रोटरच्या दोन तांब्याच्या रिंगांमध्ये ३-४ ओहम आले पाहिजेत, रिंग आणि शाफ्टमध्ये मात्र जोडच नको, मीटरने उघडा सर्किट दाखवला पाहिजे.

वापरलेला अल्टरनेटर घ्यायला पुण्यात नाना पेठ, जुना बाजार, मुंबईत कुर्ला अशा ठिकाणी जाल तर मीटर खिशात असू द्या. डी प्लस आणि बॉडीमध्ये अगदी उघडा सर्किट आला, किंवा पुली हाताने फिरवताना खरखर लागली, तर पुढच्या दुकानात जा. पंपवाला घेत असाल तर फिरण्याची दिशा विचारा.

१०. चार्जिंग जास्त होत असेल तर

१४.८ व्होल्टच्या वर, बॅटरीचं पाणी भराभर उडतंय, बल्ब जातायत, सडक्या अंड्यासारखा वास येतोय. बॅटरीजवळ विडीकाडी नको, तिच्यातून निघणाऱ्या वायूचा भडका उडतो. अल्टरनेटर उतरवायच्या आधी चौथी पायरी पुन्हा करा. काही अल्टरनेटरांना व्होल्ट बघायची वेगळी वायर असते, ती सुटली असेल किंवा तिच्या जोडात व्होल्ट पडत असतील तर रेग्युलेटरला बॅटरी रिकामी वाटते आणि तो ढकलत राहतो. ते नसेल तर रेग्युलेटरच गेला. तो वेगळा मिळतो, पूर्ण अल्टरनेटर बदलू नका.

किती अँपिअरचा अल्टरनेटर हवा?

लोडची बेरीज करा. हेडलाइटचे दोन ५५ वॅट, पाठीमागचे आणि पार्किंगचे मिळून ३०, वायपर ५०, पंखा-ब्लोअर १००, म्हणजे २९० वॅट. भागिले १४, साधारण २१ अँपिअर. त्यावर बंपरवर १०० वॅटचे दोन जादा दिवे लावलेत तर आणखी १४. शिवाय बॅटरी भरायला काही शिल्लक हवं, आणि आयडलवर अल्टरनेटर त्याच्या पाटीवरच्या आकड्याच्या जवळपासही देत नाही. साध्या जीपला ४५ पुरे, जादा दिव्यांना ५५ ते ६५ बघा, आणि एअर कंडिशनर बसवायचा विचार असेल तर त्याचा कंडेन्सर फॅनही बेरजेत धरा. बॅटरी मात्र सेल्फच्या मानाने घ्या. डीआय पूजोपेक्षा मोठं इंजिन आहे, म्हणून जुन्या ट्रेमध्ये बसते तीच घेण्यापेक्षा ट्रे वाढवून घेतलेला बरा.